सीपीयू मोजताना आणि फ्रिक्वेन्सी बदलताना या चुका टाळा

लोड ॲव्हरेज (किती प्रोसेस ताटकळल्यात किंवा चालू आहेत त्याची 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी, असे तीन आकडे) म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. हे सांगून सांगून तोंड दुखलं, तरी लोक पहिला आकडा बघतात आणि घाबरतात. लिनक्स त्या आकड्यात सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेस धरतं आणि डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेजपाशी अडकलेल्याही धरतं, टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) मध्ये ज्यांच्यापुढे डी दिसतो त्या. एकदा मला बोलावलं तेव्हा लोड 40 च्या वर होता आणि मंडळी जास्त कोअरचा सर्व्हर मागवायच्या तयारीत होती. टॉप उघडलं तर आयडल, म्हणजे सीपीयूचा रिकामा वेळ, 90 टक्क्यांच्या पुढे! झालं होतं असं की एनएफएस शेअर (नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर) लटकलेला, आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर काही मिनिटांनी बॅकअपची नवीन स्क्रिप्ट सोडतोय जी तिथेच जाऊन अडकतेय. आधी क्रॉन थांबवला, अडकलेल्या स्क्रिप्ट मारल्या, मगच शेअर परत जोडला, नाहीतर सगळ्या एकदम सुटून खरंच सीपीयू खाल्ला असता. पहिला आकडा भराभर उतरला, तिसरा 15 मिनिटांचा असल्यामुळे रेंगाळला, तर तो बघून एकजण म्हणतो "अजून लोड आहे की". मी तरी आधी पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) मध्ये डीवाल्या प्रोसेस शोधतो, बाकी सगळं नंतर.

व्हीएमस्टॅट (सीपीयू आणि मेमरीचे आकडे ओळीओळीने देणारी कमांड) ची पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. पीएसमधले टक्केही त्या प्रोसेसच्या अख्ख्या आयुष्याचे, आत्ताचे नाहीत. टॉपमध्ये 400 टक्के दिसले तर बग नाही, चार कोअर भरलेत.

आता फ्रिक्वेन्सी. टक्के सांगतात सीपीयू किती वेळ बिझी होता, काम किती झालं ते नाही. 800 मेगाहर्ट्झवरचे 90 टक्के आणि 3 गिगाहर्ट्झवरचे 90 टक्के सारखे कसे असतील? पण घाईतल्या नवशिक्याला हे बघायचंच नसतं, कुठूनतरी गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी कधी किती ठेवायची ते ठरवणारं धोरण) परफॉर्मन्स करायची कमांड उचलायची, डकवायची, आणि रीबूटनंतर ती गेली की ओरडायचं. आधी स्केलिंग ड्रायव्हर, म्हणजे फ्रिक्वेन्सी प्रत्यक्ष बदलणारा कर्नलचा भाग, कुठला ते वाचा. एसीपीआय सीपीयूफ्रेकमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सी खालच्या मर्यादेला खिळलेली, तर इंटेल पीस्टेटच्या ॲक्टिव्ह मोडमध्ये त्याच नावाचा गव्हर्नर लोड आला की फ्रिक्वेन्सी वर नेतो, म्हणजे तिथे बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं. लॅपटॉप तापून थ्रॉटल होत असेल, म्हणजे सीपीयू स्वतःच वेग कमी करत असेल, तर परफॉर्मन्स लावून अजून तापेल एवढंच. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये थ्रॉटलच्या ओळी आहेत का बघा, फॅनमधली धूळ काढा. मी खरा लोड देतो, बाजूला टर्बोस्टॅट (खरी फ्रिक्वेन्सी दाखवणारं टूल) चालू ठेवतो आणि बिझी असतानाचे मेगाहर्ट्झ बघितल्याशिवाय गव्हर्नरला हात लावत नाही.

आणि सुडो एको करून सिसएफएस (कर्नलच्या सेटिंग जिथे फाइलसारख्या दिसतात ती जागा) मध्ये बाणाने, म्हणजे > चिन्हाने, लिहायला गेलात तर परमिशन डिनाइड येणारच, कारण फाइल तुमचं साधं शेल उघडतं, सुडो नाही. सुडोसोबत टी (tee) कमांड वापरा.