एम१००८ ट्रकचा हायवेवरचा वेग, ओढकाम आणि मायलेज

अमेरिकी लष्कराच्या या शेवरोले पिकअपमध्ये ६.२ लिटरचं बिगर-टर्बो डिझेल इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ४.५६ चं अॅक्सल रेशो असतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.५६ फेरे. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) नाहीच. मूळ टायरवर ९० किमी वेगाला इंजिन साधारण २७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरतं, १०५ ला ३१०० च्या वर. तेवढ्या वेगवाढीत हवेचा अडथळा मात्र सव्वापटीहून जास्त वाढतो. म्हणून ९० वरच थांबा; डिझेलही वाचेल आणि कानही.

पुढच्या चाकांची हब ‘फ्री’वर (अॅक्सलपासून सुटी) आहेत आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स, २H मध्ये (फक्त मागची चाकं, हायवेचा गिअर) आहे, हे निघण्यापूर्वी बघून घ्या. मोठे टायर टाकले असतील तर स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही कमी दाखवतात, मग मायलेज उगाच वाईट दिसतं. जीपीएसशी ताडून हिशेब करा.

अॅक्सलमध्ये ३.७३ रेशोचे क्राउन-पिनियन (अॅक्सलचं रेशो ठरवणारी गिअरजोडी) बसवले तर त्याच ९० ला आरपीएम २२०० पर्यंत उतरतात. पण दोन्ही अॅक्सलला एकच रेशो हवं. फक्त मागचं बदललं आणि फोर-व्हील लावलं, तर ट्रान्सफर केस आवळून बसेल.

ट्रेलर ओढायचा असेल तर मूळ ४.५६ च ठेवा. चढावर काळा धूर दिसला की पेडल थोडं सोडा: ते डिझेल जळतच नाहीये, जोरही वाढत नाहीये. वेग पडू लागल्यावर स्वतःहून सेकंड गिअरमध्ये घ्या. गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर लावणं ओढकामात सगळ्यात आधीचा खर्च समजा.