घराच्या गच्चीवरच्या सोलरची कोटेशनं आली, आता कुठलं घ्यायचं?

समजा ३ किलोवॅटसाठी एकाने १ लाख ८५ हजार लिहिलेत आणि दुसऱ्याने १ लाख १२ हजार, तर लगेच दुसऱ्याला फोन लावू नका, कारण त्याने पीएम सूर्यघरची (घरावरच्या सोलरसाठीची केंद्राची योजना) ७८ हजार सबसिडी आधीच वजा करून आकडा दाखवलाय, म्हणजे त्याचा खरा भाव १ लाख ९० हजार आहे. सबसिडी सगळं काम होऊन नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर आपल्या बँक खात्यात येते, तोवर पैसे आपल्यालाच उभे करायचेत. म्हणून सगळ्यांकडून सबसिडीच्या आधीची, जीएसटी धरून रक्कम लिहून घ्या.

मग पॅनल मोजा. पहिला ५५० वॅटचे ५ पॅनल देतोय म्हणजे २७५० वॅट, दुसरा ६ देतोय म्हणजे ३३००, आणि इन्व्हर्टर दोघांचाही ३ किलोवॅटचा म्हणून दोघंही ३ किलोवॅटच म्हणतात. रकमेला पॅनलच्या वॅटने भागा, पहिला ६७ रुपये वॅट पडतो आणि दुसरा साडेसत्तावन्न! शिवाय योजनेत पॅनल आणि इन्व्हर्टर यातली कमी असेल ती क्षमता धरतात, त्यामुळे पहिल्याकडे सबसिडीही पूर्ण बसत नाही. पॅनलच्या कंपनी-मॉडेलपुढे डीसीआर, म्हणजे भारतातच बनवलेले सेल आणि पॅनल, असं लिहिलंय ना ते बघाच, ते नसेल तर सबसिडी नाही.

माझ्या मते खरा फरक स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे पॅनल ज्यावर बसवतात त्या लोखंडी सांगाड्यात असतो आणि तिथेच कोटेशनमध्ये फक्त 'जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) स्ट्रक्चर' एवढंच असतं. आमच्या शेजारच्या गच्चीवर एकाच पावसाळ्यात नट-बोल्ट गंजले, पांढऱ्या गच्चीवर तांबडे ओघळ उतरले, आणि पॅनल तर २५ वर्षं ठेवायचेत. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे का, पाइपची जाडी किती एमएम, बोल्ट स्टेनलेस ३०४ चे का, पुढचा पाय किती फूट उंच, सगळं लिहून मागा. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर गळती झाल्यास दुरुस्ती कोण करणार तेही विचारा.

आणि जो व्हॉट्सअपवरच्या फोटोवरून कोटेशन देतो त्याला आधी गच्चीवर बोलवा. मे महिन्यात भर दुपारी टाकीची सावली जवळजवळ दिसतच नाही, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की तीच सावली उत्तरेला लांबच लांब पसरते, आणि साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरमध्ये (सगळे पॅनल एकाच माळेत जोडलेले असतात) एका पॅनलवरची सावली बाकीच्यांनाही खाली ओढू शकते.

अर्थिंग तीन वेगळी हवीत, एसी बाजूचं (इन्व्हर्टरनंतरची घरची वीज), डीसी बाजूचं (पॅनलकडून येणारी वीज) आणि आकाशातली वीज पडली तर वाचवणाऱ्या वीजरोधकाचं, एकातच उरकतो म्हणाला तर नाही म्हणा. महावितरणची फाईल कोण फिरवणार, नेट मीटरचा खर्च यात धरलाय का, पाच वर्षांच्या मेंटेनन्समध्ये काय काय येतं, हेही त्याच कागदावर हवं. शेवटचे १० टक्के नेट मीटर लागून ॲपवर युनिट दिसायला लागल्यावरच देणार, असं कोटेशनवर लिहून त्याची सही घ्या आणि मगच ॲडव्हान्स द्या.