क्रीप चाचणीत नमुने लवकर का तुटत होते

निकेल मिश्रधातूची क्रीप चाचणी चालू होती, म्हणजे तापलेल्या नमुन्यावर कायम ताण ठेवून तो किती तास टिकतो ते पाहायचं. ८५० अंश सेल्सिअस, ताण तोच, बॅचही तीच. तरी एका मशीनवरचे नमुने लवकर तुटायचे. सगळ्यांचा संशय धातूवर. मला तो पटेना. तापमान आणि तुटेपर्यंतचा वेळ जोडणाऱ्या लार्सन-मिलरच्या सूत्रात स्थिरांक २० धरला, तर ८५० अंशांना १००० तास टिकणारा नमुना ८६० ला जेमतेम ६२५ तास काढतो. १० अंशांचा फरक एवढा महाग पडतो!

म्हणून आधी थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन तारांची जोडी) बाहेर काढलं. के-टाइप, भट्टीत बरंच मुरलेलं, तारेवर हिरवट थर. तारेतलं क्रोमियम असं ऑक्सिडाइझ झालं की थर्मोकपल तापमान कमी दाखवतं आणि कंट्रोलर बिचारा भट्टी आणखी तापवतो. त्याजागी प्लॅटिनम-ऱ्होडियमची आर-टाइप लावली: नमुन्याच्या वर, मध्ये, खाली. टोकं धातूला टेकवून बांधली, भट्टीच्या भिंतीची थेट झळ लागू नये म्हणून झाकली. पुढचे निकाल बाकी मशीन्सशी जुळले.

त्या मशीनचे जुने आकडे आलेखातून काढले. आयुष्याचा अंदाज मात्र मी सर्वात लांब चाचणीच्या तिपटीपुढे नेत नाही; तोवर मिश्रधातूला बळ देणारे गॅमा प्राइमचे बारीक कण जाड होत जातात आणि आलेखातली सरळ रेषा दगा देऊ शकते.