कोल्हापुरातून जतकडं: माळरानावरची राईड कशी करायची

कोल्हापुरात बाईक काढली की सगळे आंबा घाट नाहीतर गगनबावड्याकडं पळतात. एकदा उलटं पूर्वेला, सांगली जिल्ह्यातल्या जतला जाऊन बघा की भावांनो, एका बाजूनं साधारण 130 किमी पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, शाळू डोलत असतो आणि ऊन सोसतं.

आदल्या दिवशी टायर बघा. माळावर बाभळीचे काटे लई, त्यामुळं ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप घ्याच. काटा घुसलेला दिसला म्हणून लगेच उपटू नका, बऱ्याचदा त्या काट्यामुळंच हवा टिकून असते, हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जा नाहीतर किट हातात घेऊनच काढा. ट्यूबवाल्यांनी मात्र जागेवरच थांबायचं.

आता मुख्य भानगड उन्हाची. जाताना पूर्वेला म्हणजे सूर्य डोळ्यात, आणि संध्याकाळी परत येताना पश्चिमेला म्हणजे परत डोळ्यातच! म्हणून उजाडायच्या आधी निघा, जयसिंगपूर मागं टाकून सूर्य वर यायच्या आत मिरज गाठा, चहा मारा, टाकी फुल करा. तिथपर्यंत रस्ता नुसता गर्दीचा, बघण्यासारखं काही नाही.

मिरजेतून पंढरपूर रोड धरला की भोसेजवळ दंडोबाचा डोंगर लागतो, वर थोडा वेळ बसा. पुढं कवठेमहांकाळ, तिथून मोठा रस्ता सोडून गावातल्या रस्त्यांनी ढालगावकडं वळा, पवनचक्क्या दिसतील, मध्येच द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड, म्हैसाळ योजनेचं (कृष्णेतून उचलून आणलेलं) पाणी आलंय तिथं हिरवं आणि बाजूलाच कोरडाठाक माळ, हा फरक बघायलाच तर जायचं. घाई कशाला, 40 च्या स्पीडनं चला, तसेही गावागावात पट्टे नसलेले स्पीडब्रेकर आहेत. खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. मेंढरं आडवी आली तर हॉर्न न मारता थांबा, धनगर स्वतःच वाट करून देतो. अवकाळी पाऊस पडलाच तर काळ्या रानात गाडी घालायची नाही, चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाक फिरत नाही.

नागज फाट्यावरून जत. तिथं भाकरी, शेंगाची चटणी खावा, कानावर कन्नड पण पडंल. पाणी माणशी 2 लिटर तरी ठेवा. गळ्याला सुती रुमाल पाहिजेच.

जतमधून दोनच्या आसपास निघा. गळीत हंगामात मिरज ते कोल्हापूर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं लाईट नसलेल्या, म्हणून हा पट्टा अंधारात नको.