पिरानेझीच्या पात्रचित्रांचा छाप कसा पाहावा

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेझी या अठराव्या शतकातील इटालियन चित्रकाराने प्राचीन पात्रे, उभी दीपदाने, तिपाया आणि शवपेटिका यांच्या अम्लरेखनांचा (तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा) मोठा संग्रह १७७८ साली रोममध्ये प्रसिद्ध केला; त्याच वर्षी तो वारला. यातील एखादा सुटा छाप हाती आला, तर आधी चित्राकडे नव्हे, कागदाकडे पाहावे.

हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून कागद खिडकीच्या उजेडात धरावा. जुन्या हातकागदात जाळीच्या समांतर रेषा दिसतात. मग तो सपाट ठेवून बाजूने प्रकाश सोडावा, म्हणजे तांब्याच्या पत्र्याच्या कडेने दबलेली चौकट उठून दिसेल. ती नसल्यास समास कापलेला असतो किंवा ते चित्र नंतरच्या छपाई तंत्राने केलेली नक्कल असते.

आता भिंग घ्यावे. 'वॉरिक पात्र' या प्राचीन रोमन संगमरवरी पात्राच्या चित्रात द्राक्षवेलीच्या पिळाची मूठ आणि सायलेनसची, म्हणजे ग्रीक मद्यदेवाच्या म्हाताऱ्या सोबत्याची, दाढी या दोन जागी मी नेहमी थांबतो. पत्रा अम्लात बुडवायचा, उजळ भाग रोगणाने झाकायचा आणि उरलेला भाग पुन्हा अम्लात खोल खाऊ द्यायचा, अशी ही रीत असल्यामुळे मुठीखालच्या सावलीतील रेषा जाड व काळ्याभोर असतात, तर गालावरच्या रेषा केसासारख्या बारीक असतात. पत्रा झिजला की या बारीक रेषा आधी पुसट होतात. म्हणून उशिराच्या छापात गाल कोरा दिसतो.

त्यानंतर चित्राखालचा इटालियन मजकूर वाचावा. वस्तू कोठे सापडली, कोणाकडे होती आणि चित्र कोणाला अर्पण केले आहे, हे त्यात बहुधा मिळते.

शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉरिक पात्राचे तुकडे १७७१च्या सुमारास रोमजवळच्या तिवोली येथील रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात गॅव्हिन हॅमिल्टन या स्कॉटिश चित्रकार व पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याला मिळाले आणि गहाळ भाग नव्याने कोरून ते पात्र पूर्ण करण्यात आले. पिरानेझी स्वतः अशा वस्तूंची डागडुजी करून त्या विकत असे. त्यामुळे त्याच्या चित्रांना पुराव्याइतकेच विक्रीच्या सूचीचेही रूप आहे. चित्रातील संगमरवर सगळीकडे सारखाच प्राचीन भासतो. म्हणून ग्लासगोच्या बरेल संग्रहातील मूळ पात्राचे छायाचित्र शेजारी ठेवून मुखवटे, मुठी आणि काठ एकेक करून ताडून पाहावेत, आणि शंका आलेले भाग वहीत पेन्सिलीने टिपून ठेवावेत. छापाच्या कागदावर मात्र कधीही खूण करू नये.