वेबसाइटवर लोगो दिसत नाही म्हणून फोन आलाय? निघण्याआधी हे बघ

उद्या नाशिकला पंचवटीतल्या चिवडावाल्या काकांकडे जातोयस ना, तर बॅग भरायच्या आधी त्यांना एवढं विचार की लोगो कुणाच्या फोनवर दिसत नाही, कुठल्या ब्राउझरमध्ये, आणि अजिबातच गायब आहे की चपटा झालाय की जुनाच येतोय. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घे. मी एकदा काही न विचारता सिडकोतून गाडी काढून मेन रोडला गेलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि निघालं काय तर कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी फाइल, कंट्रोल एफ५ दाबलं नि झालं.

लॅपटॉपवर क्रोम, फायरफॉक्स, एज टाकून ठेव. सफारी विंडोजवर कधीच बंद झालंय, त्यामुळे आयफोन कुणाचा तरी उसना घे, आणि आयफोनवरच्या क्रोममध्ये बघून खूश होऊ नकोस, भारतात त्याच्या आतलं इंजिन सफारीचंच असतं. काउंटरवर आयफोन ६ असेल तर तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही आणि वेबपी (चित्राचा नवा, हलका फाइल-प्रकार) सफारीला २०२० मध्ये १४ व्या व्हर्जनपासून कळायला लागली, म्हणून सगळीकडे चालणारा जुना प्रकार, पीएनजी, सोबत हवाच.

खरी गंमत मूळ फाइलची. लोगो फ्लेक्सवाल्याने केलेला असतो, त्याच्याकडून जेपीजी घेऊ नकोस, ती बहुतेक वेळा छपाईच्या चार शाईंच्या रंगांत (सीएमवायके) असते नि स्क्रीनवर रंग भलतेच येतात. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडीआर फाइल माग, त्यात अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारून कर्व्ह कर, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, मगच एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) काढ, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला ‘चिवडा’ दुसऱ्याच अक्षरात दिसणार, जुना नॉन-युनिकोड फॉन्ट असेल तर चक्क इंग्रजी अक्षरांचा काला. एसव्हीजीत व्ह्यूबॉक्स (viewBox, चित्राची चौकट सांगणारी ओळ) आहे ना ते नोटपॅडमध्ये उघडून बघ, नसेल तर लोगो साइझ बदलताना कापला जातो. चपटा दिसत असेल तर बहुतेक फ्लेक्सबॉक्स, म्हणजे पानाची मांडणी करणारा कोड, त्याला ताणतोय.

फाइलचं नाव इंग्रजी, सगळं स्मॉल, मध्ये स्पेस नाही. विंडोजवर Logo चा एल कॅपिटल असला तरी चालतं, लिनक्स सर्व्हरवर नाही. नवीन फाइलला नवीन नाव दे म्हणजे कॅशचा प्रश्नच नको, जुनी उडवू नकोस.

आणि होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरचा लॉगिन. पासवर्ड काकांच्या वहीत असतो पण ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, मुलगा पुण्यात, अकरा वाजता मीटिंगला, तर त्याला आज रात्रीच सांगून ठेव.