थोरांची श्रद्धा आणि शंका: भित्तिपत्रकासाठी किंवा भाषणासाठी माहिती कशी पारखावी

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत ठाण्यातील गृहसंकुलांत भित्तिपत्रके लागतात, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर परिसंवाद होतात आणि कोणाकडे तरी दहा मिनिटांचे भाषण येते. ‘थोर शास्त्रज्ञांची ईश्वरनिष्ठा’ किंवा नेमका उलट ‘देव न मानणारे थोर’ हा विषय अशा वेळी हमखास निवडला जातो, कारण त्याचे साहित्य मोबाइलवर आयते मिळते. घात होतो तो तिथेच. ज्यांच्या हाती तयारीसाठी आठवडाभराचाच वेळ आहे आणि तरीही ज्यांना खोटे बोलायचे नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे.

प्रथम प्रश्न बदलावा. अमुक व्यक्ती आस्तिक होती की नास्तिक, असे विचारले की उत्तर देणारा आपल्या पक्षाचे तेवढेच वेचतो. त्याऐवजी वहीत चार रकाने आखावेत: त्या व्यक्तीचे स्वतःचे विधान, त्याची तारीख, ते कोणाला उद्देशून केले, आणि कोणत्या प्रकारच्या देवाविषयी केले. आइन्स्टाइनचे उदाहरण घ्यावे. १९२९ साली न्यूयॉर्कचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) गोल्डस्टाइन यांनी ‘तुम्ही देव मानता का’ अशी तार केली आणि उत्तराच्या पन्नास शब्दांचे पैसेही आधीच भरले. सृष्टीच्या सुसंगतीतून प्रकट होणारा, तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव आपण मानतो, माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा देव मानत नाही, अशा आशयाचे उत्तर आइन्स्टाइन यांनी पाठवले. जानेवारी १९५४ मध्ये तत्त्वज्ञ एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात मात्र देव हा शब्द मानवी दुर्बलतेतून जन्मलेला आहे, असे त्यांनी म्हटले. हेच पत्र २०१८ साली लिलावात सुमारे २९ लाख डॉलरना विकले गेले. भक्तमंडळी तारेचा पूर्वार्ध छापतात, विरोधक पत्रातील एक ओळ छापतात. चारही रकाने भरले की एक जाहीर उत्तर आणि एक खासगी पत्र, मध्ये पंचवीस वर्षे, हे दिसते आणि नवस ऐकणारा देव दोन्हींत नाही, हेही दिसते.

आता मोबाइलवर पुढे ढकललेला संदेश कसा वाचावा ते पाहू. वर्गात प्राध्यापक विचारतात, देवाने सर्व निर्माण केले तर वाईटही त्यानेच निर्माण केले ना? एक विद्यार्थी उठतो, थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव, अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसे वाईट म्हणजे देवाचा अभाव असे सांगतो, प्राध्यापक निरुत्तर होतात, आणि शेवटी कळते की तो विद्यार्थी म्हणजे आइन्स्टाइन. या संदेशात काय नाही ते शोधावे. वर्ष नाही, विद्यापीठ नाही, प्राध्यापकाचे नाव नाही, हे कुठे नोंदले गेले ते नाही. काही रूपांत तोच विद्यार्थी अब्दुल कलाम होतो. नाव बदलले तरी गोष्ट जशीच्या तशी चालत असेल, तर ती त्या व्यक्तीची नाही असे खुशाल समजावे. (असा संदेश गटावर आल्यास पाठवणाऱ्याला सर्वांसमोर खोटे पाडू नये, बहुधा ते आपल्याच मजल्यावरचे काका असतात. वेगळा निरोप पाठवावा.)

मूळ विधान शोधण्यासाठी ग्रंथालय गाठावे. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेथे ‘अमक्यांवरचे एखादे पुस्तक द्या’ असे न म्हणता समग्र वाङ्मय, पत्रव्यवहार आणि जीवनपट मागावा. प्रेरणादायी विचारांचे संग्रह बाजूला ठेवावेत, कारण त्यांत तारीख क्वचितच असते. हाती आलेली आवृत्ती कोणी संपादित केली आणि त्यातून काही गाळले आहे का, हे प्रस्तावनेत पाहावे. डार्विनचे आत्मचरित्र १८८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा धर्माविषयीचे काही परिच्छेद कुटुंबीयांनी वगळले होते. ते १९५८ साली त्यांची नात नोरा बार्लो यांनी पुन्हा घातले. जुन्या आवृत्तीवर विसंबणारा वाचक प्रामाणिक असूनही फसतो.

डार्विनचेच उदाहरण मृत्युशय्येच्या कथांसाठीही उपयोगी पडते. ते १८८२ साली वारले. अखेरच्या दिवसांत ते बायबल वाचत होते आणि त्यांना आपल्या सिद्धान्ताचा पश्चात्ताप झाला, ही लेडी होप या ख्रिस्ती धर्मप्रचारिकेची कथा तब्बल ३३ वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकेत छापली गेली. लेडी होप त्या आजारात घरी आल्याच नव्हत्या, असे वडिलांच्या अंतकाळी जवळ असलेल्या त्यांच्या कन्या हेन्रिएटा यांनी १९२२ साली लिहिले. खुद्द डार्विन यांनी १८७९ च्या एका पत्रात आपले मन दोलायमान असते, देवाचे अस्तित्व नाकारण्याच्या अर्थाने आपण कधीच नास्तिक नव्हतो आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा) हे वर्णन बहुतेक वेळा आपल्याला अधिक लागू पडेल, असे स्वतःच सांगून ठेवले आहे. इतके स्पष्ट निवेदन असताना अंथरुणाजवळच्या कथेची गरज काय?

साक्षीदार दोन असतील आणि त्यांचे म्हणणे जुळत नसेल, तर दोन्ही द्यावे. नामक्कलच्या नामगिरी देवीवर रामानुजन यांची निष्ठा होती, असे त्यांचे भारतीय चरित्रकार लिहितात. सर्व धर्म आपल्याला कमीअधिक सारखेच खरे वाटतात, असे रामानुजन आपल्याशी बोलले होते, असे त्यांचे केंब्रिजमधील सहकारी गणिती हार्डी लिहितात. हार्डी स्वतः देव मानत नव्हते आणि चरित्रकारांना देवभक्त गणिती हवा होता. साक्षीदाराचा कल नोंदवावा, मात्र केवळ त्यापायी साक्ष फेटाळू नये.

विधीवरून श्रद्धा ठरवू नये. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात लिहिले; मूठभर रक्षा गंगेत सोडावी, पण त्यामागे धार्मिक हेतू नाही, असेही लिहिले. १९६४ साली अंत्यविधी धार्मिक पद्धतीनेच झाला. तो मागे राहिलेल्यांचा निर्णय होता. पदाची शपथ ‘ईश्वरसाक्ष’ घेतली की ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ केली, हाही पुरावा कमजोरच, कारण इंग्लंडमध्ये प्रतिज्ञेची सवलत मुळात शपथ घेणे धर्माविरुद्ध मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या धार्मिक लोकांसाठी आली होती.

आपल्याकडील मंडळींबाबत अधिक जपावे लागते, कारण श्रोत्यांत प्रत्येकाचा कोणीतरी आवडता असतो. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली ही कथा सर्वांना पाठ असते. त्यांची अज्ञेयवादी भूमिका मात्र ‘सुधारक’मधील लेख वाचल्याशिवाय हाती लागत नाही. गाडगेबाबा तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. कीर्तनात दगडाच्या देवाची आणि नवसाच्या बोकडाची खिल्ली उडवणारे बाबा त्याच कीर्तनात ‘गोपाला, गोपाला, देवकीनंदन गोपाला’ असा गजर करीत आणि पैसा जमला की देवळाऐवजी धर्मशाळा बांधीत. त्यांना ‘नास्तिक संत’ ठरवण्याची घाई अलीकडे फार दिसते. मला ती पटत नाही. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा असे उघड म्हणत, तर अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, शोषणाच्या विरोधात आहे, असे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत. एका चळवळीतील म्हणून दोघांच्या तोंडी एकच वाक्य घालू नये.

लेख छोटा असेल तर उतारा न घेता पूर्ण वाचावा. भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिला गेला आणि त्यांच्या फाशीनंतर, सप्टेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अहंकारामुळे देव नाकारतोस, या आरोपाला ते उत्तर होते. आरोप वगळून उत्तर तेवढे वाचून दाखवले, तर त्यातील निम्मा युक्तिवाद कोणाशी चालला आहे तेच श्रोत्यांना कळत नाही.

हयात व्यक्तींबाबत त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले असेल तेवढेच घ्यावे. मंदिरात काढलेल्या छायाचित्रावरून त्या दिवशीचा कार्यक्रम समजतो, मन समजत नाही. कोणी या विषयावर बोललेच नसेल, तर पहिला रकाना कोरा ठेवून ते नाव यादीतून काढावे.

फलकावर प्रत्येक विधानाखाली तारीख आणि मूळ पत्राचा किंवा लेखाचा उल्लेख करावा, आणि त्या पानाची छायाप्रत जवळ ठेवावी. हरकत घेणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा प्रत हाती देणे सोपे जाते. भाषणात तीनपेक्षा अधिक व्यक्ती घेऊ नयेत. तिघांपैकी एक तरी अशी निवडावी जिचे मत आयुष्यात बदलले किंवा शेवटपर्यंत डळमळीत राहिले, आणि तिला सर्वांत जास्त मिनिटे द्यावीत. उरलेली टिपणे प्रश्नोत्तरांच्या वेळी कामी येतील.